ड्युटी सुटल्यावर

नागोया, १२ ऑक्टोबर २०२५

आई,

ज्या तोंडानं प्यायलीस त्या तोंडानं माझ्याशी बोलू नको, असं म्हणून तू फोन ठेवलास. ठीक आहे. तोंडानं बोलत नाही, हातानं लिहिते. हाताबद्दल तू काही म्हणाली नव्हतीस.

वर 'तीर्थरूप' लिहिलं नाही म्हणून आणखी एक गुन्हा मांडू नकोस. लिहिलं असतं तर म्हणाली असतीस, आता बघा कशी लाडीगोडी लावते.

सागरनं मला सगळं सांगितलं. माझ्या ऑफिसातल्या एका मुलीनं तो व्हिडिओ तिच्या पानावर ठेवला, त्याला माझं नाव जोडलं, आणि आपल्या भाविकला चुलतबहिणींवर नजर ठेवण्यापलीकडं दुसरा उद्योग नाही. त्यानं तो उचलून भावकीच्या ग्रुपवर टाकला. लालबुंद तोंडानं, हातात बिअरचा ग्लास घेऊन मी हळदीचं गाणं म्हणते आहे आणि समोर बसलेली जपानी माणसं टाळ्या वाजवताहेत. गाणं तुझंच आहे. कुठल्याही मांडवात तू पहिलं म्हणतेस ते. ग्लास नसता तर तूच तो व्हिडिओ चारजणींना दाखवत फिरली असतीस.

पण ग्लास आहे, आणि तो नेमका आत्ता आहे. बाबा गेल्यापासून तू एकच गोष्ट धरून बसली आहेस, की सागरच्या हळदीला दारू येणार नाही. आपल्याकडं हळद म्हणजे डीजे, मटण आणि मांडवामागं दारूच्या पेट्या. लग्न साधं झालं तर लोक चालवून घेतात, कोरडी हळद मात्र पडघ्याच्या आसपास कुणी पाहिलेली नाही. तरी तू घरोघर फिरलीस. ज्यांना पटलं नाही त्यांना बाबांचं शेवटच्या दिवसांतलं पोट आठवायला लावलंस, पाण्यानं फुगलेलं. हळूहळू सगळे हो म्हणाले. विठूकाका तेवढे घुटमळत होते. आणि आता त्याच विठूकाकांनी भर ओट्यावर, चार माणसांदेखत म्हटलं, "वैनी, आदी पोरीचा गलास पालथा करा, मंग आमच्या पेट्या आडवा."

त्यावर तू काही न बोलता घरात निघून गेलीस, असं सागर म्हणाला. ते ऐकून मला फार वाईट वाटलं. तू कुणापुढं गप्प बसलेली मी आजवर पाहिलेली नाही.

म्हणून काय झालं ते सांगते. एप्रिलपासून माझं ट्रेनिंग चाललं होतं, सप्टेंबरात मला सेक्शन मिळाला. नवीन माणूस आला की सेक्शनची मंडळी ड्युटी सुटल्यावर त्याला जेवायला नेतात. जेवायला म्हणजे प्यायला. नोमिकाई म्हणतात त्याला. ती कंपनीची रीतच आहे, आपल्याकडं नव्या माणसाकडून पेढे घेतात तशी. मला साहेबांनी एक ग्लास दिला. एकच होता, तोही बळेच. दोन घोट घेतले आणि ठेवून दिला. तोंड लाल झालं ते उकाड्यानं, तिथं टेबलावरच शेगडी असते.

तू सागरला सांगितलंस, तिला लग्नाला येऊ नको म्हणावं, चुलतबहीण निशा करवली होईल. आई, मी सागरची एकुलती एक बहीण आहे. तो बोहल्यावर उभा राहणार, त्याच्या मागं करा घेऊन निशा उभी राहणार, आणि मी इथं रविवारचे कपडे धूत बसणार, हे तुला खरंच चालणार आहे का? पत्र फाडलंस तरी चालेल. पण वाचून फाड.

वैशाली


नागोया, ५ नोव्हेंबर

आई,

पत्र पोचलं म्हणे. तू ते ओट्यावर उभ्या उभ्या वाचलंस, घडी घातलीस आणि म्हणालीस, "खोटं बोलायला बी इतक्या लांब गेली."

बाबांचं 'एकच घेतली' ऐकून ऐकून तुझे कान पिकले आहेत, हे मी विसरले. तेच वाक्य माझ्या पत्रात उतरलं आणि लिहिताना मला कळलंही नाही. तुला पहिल्या वाचनात कळलं.

तर खरं लिहिते. एक ग्लास नव्हता. किती होते ते आठवत नाही, आणि आठवत नाही यातच काय ते समज.

इथं कुणी आपला ग्लास आपण भरत नाही. शेजारच्याचा आपण भरायचा, आपला शेजारचा भरतो. बाटली दोन्ही हातांनी धरायची, घेणाऱ्यानंही ग्लास दोन्ही हातांनी पुढं करायचा. आपण तीर्थ घेताना उजव्या हाताखाली डावा धरतो ना, साधारण तसं. रागावू नकोस, मला तेवढंच आठवलं. मी सगळ्यांत नवी आणि त्यात बाई, म्हणून मी आधी सगळ्यांचे ग्लास भरून आले. बैठं टेबल, त्यामुळं गुडघ्यांवर सरकत सरकत. मग आमच्या सेक्शनचे प्रमुख मोरितासाहेब माझ्याकडं वळले आणि त्यांनी माझा ग्लास भरला.

आता तू मला काय शिकवलंस ते आठव. पानात टाकायचं नाही, वाढणाऱ्याचा अपमान होतो. पंगतीत वाढप्यानं जिलबी जास्त टाकली तर तू मांडीला चिमटा काढून ती संपवायला लावायचीस. मी तो ग्लास संपवला. कडूजहर होता, तरी नाक न मुरडता संपवला. साहेबांनी लगेच पुन्हा भरला. मला वाटलं, आग्रह करताहेत, मोठा माणूस आहे, मान राखावा. तोही संपवला. त्यांनी परत भरला. मग कुणीतरी म्हणालं, तुमच्याकडचं गाणं म्हण. त्यानंतरचं तू व्हिडिओत पाहिलंसच.

माझ्या शेजारच्या जागेवर हिरानोबाई म्हणून बसतात. पन्नाशीच्या आहेत, बोलायला थोड्या कडक. त्यांनी मला टॅक्सीत घालून खोलीवर सोडलं, आणि त्यांच्या चांगल्या कोटावर मी उलटी केली. दुसऱ्या दिवशी डबा खाताना त्यांनी विचारलं, "तुला नको होती तर ग्लास रिकामा का करत होतीस?" रिकामा ग्लास म्हणजे आणखी हवी, असा इथला अर्थ. नको असेल तर भरलेला ग्लास तसाच समोर ठेवायचा. कुणी हात लावत नाही, कुणाला राग येत नाही. म्हणजे मोरितासाहेब बिचारे मला हवी आहे असं समजून भरत होते, आणि ते भरताहेत म्हणून मी संपवत होते. त्यांना वाटलं असेल, ही भारतातली पोरगी काय पिते. मला वाटत होतं, हा जपानी माणूस काय आग्रह करतो. दोघंही आपापल्या आईनं शिकवलं तसं वागत होतो.

हे वाचून तू हसणार नाहीस. मी हिरानोबाईंसमोर हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. सकाळी उठले तेव्हा तोंडाला जो वास होता तो माझ्या ओळखीचा होता. बाबांच्या उशीला यायचा तो.

आता विठूकाकांचं. बाबांच्या बाराव्याला मांडवामागं जाऊन त्यांनी बाटली उघडली होती, ते तू पाहिलंस आणि मीही पाहिलं. त्यांचा ग्लास पालथा करायला कुणी सांगितलं? कोणाच्या ओट्यावर कोणाला जाब द्यावा लागला? बाप्या माणसानं प्यायली तर ती त्याची त्याला. मी प्यायले तर मान खाली घालायची पाळी तुझी, तीही मी इतकी दूर असताना. माझ्या अंगाची नुसती आग होते.

पण मला इलाज नव्हता, एवढं तरी धर. नोकरी टिकवायची तर त्या टेबलाशी बसावं लागतं. मी हौसेनं गेले नव्हते.

वैशाली


नागोया, ३० नोव्हेंबर

आई,

तू सागरकडून निरोप दिलास, "तिला म्हणावं, त्या टेबलावर बसायचं सोड, मंग बघू." तुझ्या त्या 'मंग बघू'वर मी आठवडाभर हवेत होते. हिरानोबाईंनी विचारलंसुद्धा, पगार वाढला का?

तरी मी तुला हो म्हणू शकत नाही. का ते सांगते. शेवटपर्यंत वाच, मध्येच घडी घालू नकोस.

त्या पहिल्या प्रकारानंतर मी जाणं बंदच केलं होतं. शुक्रवारी ड्युटी सुटली की पोट दुखतंय, डोकं दुखतंय, घरी फोन करायचाय, अशी दर वेळी नवी सबब काढायची. कुणी जबरदस्ती केली नाही. सगळे मान लववून म्हणायचे, काळजी घे. मग एका सोमवारी कळलं की बंदरावरच्या नव्या गोडाऊनमध्ये परत आलेल्या मालाचं खातं उभं करायचं काम दुसऱ्या मुलाला दिलं. ते काम मी राहनाळच्या गोडाऊनला तीन वर्षं केलंय. तेच येतं म्हणून मला इथं घेतलं. मी विचारलं, हे कधी ठरलं? तर शुक्रवारी, टेबलावर. माझ्याविरुद्ध कुणी एक शब्द बोललं नव्हतं. माझं नाव निघालंच नाही, कारण मी तिथं नव्हते.

म्हणून मी परत जायला लागले. हिरानोबाई तिथं काळा थंडगार चहा मागवतात. ग्लासात ओतला की तो दारूसारखाच दिसतो. इतकी वर्षं त्या तोच घेऊन बसतात, आणि कुणाला त्याचं काही नाही. मीही तोच मागवायला लागले. माझं बरं चाललं होतं. म्हणजे मागच्या पत्रात 'इलाज नव्हता' असं लिहिलं तेही खरं नव्हतं. बसायला इलाज नव्हता. प्यायला होता.

आता पुढचं मी सागरलाही सांगितलेलं नाही. गेल्या शुक्रवारी मी चहा नको म्हटलं आणि आलुबुखाराची गोड दारू मिळते ती मागवली. कुणी ओतली नाही, आग्रह केला नाही. मी मागवली. एक ग्लास, आणि या वेळी खरोखर एकच. हळूहळू प्यायले. आवडली, आई. मोडकंतोडकं जपानी बोलायची लाज वाटेनाशी झाली. मोरितासाहेबांना मी सरळ म्हटलं, बंदराचं काम मला यायला हवं होतं. ते म्हणाले, "तू आधी का बोलली नाहीस?" इथं दिवसा असं कुणी बोलत नाही, म्हणून बोलले नव्हते. आता जानेवारीपासून मीही तिकडं जाणार आहे.

दुसरा ग्लास घ्यावासा वाटला. घेतला नाही. दोन्ही तुला सांगते आहे.

आणि तिथं बसल्या बसल्या मला बाबा समजले.

तू त्यांना नेहमी म्हणायचीस, ड्युटी सुटल्यावर सरळ घरी यायला काय होतं? काय होतं ते मला आता कळलं. बाबांच्या हमालांचा मुकादम हायवेवरच्या ढाब्यावर बसायचा. उद्या कुठल्या टोळीनं कुठली गाडी खाली करायची, कंटेनर कुणाला आणि फुटकळ टेम्पो कुणाला, हे तिथं ठरायचं. जो तिथं नसेल तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गोडाऊनच्या फाटकाशी उभा. बाबा सुरुवातीला कामासाठी बसले असणार. मग कामाचं राहिलं आणि बसणं उरलं. त्यांच्या समोर ना हिरानोबाई होत्या, ना काळा चहा. लाजाळू माणूस होता तो, तुला माहीत आहे, चारजणांत तोंड उघडायचा नाही. घोटभर घेतल्यावर त्याला बोलता येत असेल. मला तसंच बोलता आलं.

मला त्यांचा फार राग होता, आता तेवढा राहिला नाही. तुझाही थोडा कमी व्हावा म्हणून हे इतकं लिहिलं.

वैशाली


नागोया, २१ डिसेंबर

आई,

मला वाटलं होतं, मागचं पत्र वाचून तुला हलकं वाटेल. सागर म्हणतो, तू तेव्हापासून त्याच्याशीही धड बोलत नाहीस. जेवण करतेस, वाढतेस, आणि ताट घेऊन आत जाऊन बसतेस. मी काय चुकीचं लिहिलं ते मला कळत नाही. बाबांबद्दल चांगलं ऐकायला तुला इतकं जड जातं का?

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. विठूकाकांनी हळदीच्या पेट्या सांगून टाकल्या, ते तुझ्या कानावर आलं, आणि तू त्यांना अडवलं नाहीस. सागर घाबरलाय. म्हणाला, "आई भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं 'करा काय करायचं ते' म्हटलं." नवरी रंजितानंही त्याला फोन करून विचारलं, कोरडी हळद म्हणाला होतास ना? तिचा बापही पिऊनच गेला. कोरड्या हळदीचं ऐकून ती या स्थळाला हो म्हणाली होती, हे तुला माहीत आहे की नाही, मला माहीत नाही.

मी दोन दिवस विचार केला आणि माझं ठरलं. मी येत नाही. फेब्रुवारीतलं तिकीट काढलेलं आहे, ते रद्द करते. तू भावकीला सांग, पोरगी पिते म्हणून तिला घराच्या उंबऱ्याशी येऊ दिलं नाही, सख्ख्या भावाच्या लग्नालासुद्धा नाही. मग विठूकाकांना बोलायला जागा उरणार नाही. जिनं पोटच्या पोरीला दाराबाहेर ठेवलं तिला पेट्या अडवायचा हक्क आहे, हे त्यांनाही मानावं लागेल. निशाला करवली कर. नऊवारी नेसायची सवय नाही तिला, तिची आधी एकदा तालीम घे. सागर रुसेल, त्याला मी समजावते. हळद कोरडी झालीच पाहिजे, आई. तू त्यासाठी ज्या ज्या दारात गेलीस तिथं मी लहानपणी तुझ्या मागं मागं बाबांना शोधत गेले आहे.

पुढं कधी कुणी विचारलं तर मी आता पीत नाही, असं तू लोकांना सांगू शकतेस. मी मात्र ते तुला लिहून देणार नाही. कधी घेईन, कधी घेणार नाही. एकदा खोटं लिहिलं, त्यानं काय झालं ते पाहिलं.

लग्नाच्या दिवशी मी सुट्टी घेईन. व्हिडिओ कॉल करू नका. मला बघवणार नाही.

वैशाली


पडघा, ४ जानेवारी २०२६

वैशू,

मला पत्राची भाषा येत न्हाय. बोलते तसं लिवते, तसंच वाच. पोस्टानं उशीर व्हईल म्हून सागरला याचा फोटो काढून पाठवायला सांगते. त्यानं वाचलं तर वाचू दे.

तुझी चारी पत्रं माझ्याजवळ हायत. पयलं खोटं व्हतं. दुसरं निम्मं खरं. तिसरं खरं व्हतं, आणि मला राग त्या तिसऱ्याचा आला. सागरनं ते पत्र वाचलं, त्याला वाटलं, आवडली म्हून लिवलंस त्याचा आला. न्हाय गं. 

पिण्याची मला भीती वाटते. ती भीती मरेपर्यंत जायाची न्हाय, तू काय बी लिव. नवऱ्याला मी तशाच एका ग्लासापासनं बघत आले. तू लिवलंस, दुसरा घ्यावासा वाटला आणि घेतला न्हाय. तेवढी ओळ वाचून मी देवापुढं दिवा लावला. रोज लावते. पण भीती येगळी, राग येगळा.

राग कशाचा ते सांगते. मुकादम ढाब्यावर बसायचा, तिथं गाड्या वाटायचा, हे तू मला सांगतेस? मी त्याच मुकादमाच्या हाताखाली व्हते. त्याच गोडाऊनला, पॅकिंगला, सागर पोटात व्हता तवापासून. तुझा बाप बाहेर गाड्या खाली करायचा, मी आत खोकी भरायची. मुकादमाला कुठला माल कुठं गेला ते सापडलं न्हाय की "चंद्राबाय, जरा बघा" म्हून मलाच हाक मारायचा. आणि पॅकिंगला सुपरवायझर करायची येळ आली तवा मनोज झाला. मीच शिकवलेला पोरगा, टेप सरळ लावता येत नव्हती त्याला. मी इचारलं, कधी ठरलं? मुकादम म्हणला, काल बसलो व्हतो तवा ठरलं. माझ्या नावाला कोणी न्हाय म्हणलं न्हाय. माझं नावच निघालं न्हाय.

तू बंदराच्या कामाचं लिवलंस ती ओळ मी किती येळा वाचली. मला वाटलं, आता पोरगी लिवंल, आई, तुझं बी असंच झालं व्हतं ना. खाली वाचलं तर तिथं बाप. माझी गोष्ट लिवलीस, बाय, आणि तिच्याखाली तुझ्या बापाचं नाव घातलंस.

त्याला तिथं जागा व्हती. बसला, उठला, चुकला, समदं त्याच्या हातात व्हतं. मला बसायला कोण बोलावणार व्हतं? आणि बोलावलं असतं, मी नुसता चहा घेऊन बसले असते, तरी दुसऱ्या दिवशी या गावात मला तोंड दाखवता आलं असतं का? मी ड्युटी सुटली की सरळ घरी यायचे. तुम्ही दोघं, पाणी, चूल. मनोज सुपरवायझर झाला त्या दिवशी बी येऊन भाकऱ्याच केल्या. कोणाला सांगितलं न्हाय. सांगून काय व्हणार व्हतं. तुझ्या बापाला सांगितलं तर तो म्हणला, तुला कशाला पायजे सुपरवायझर.

म्हून गप व्हते. विठू भावजींनी पेट्या सांगितल्या ते ऐकून वाटलं, आणू दे. मी कोणासाठी भांडते, माझ्याच पोरीला त्या टेबलावर बाप दिसला. मंग तुझं चौथं पत्र आलं. हळदीसाठी भावाचं लगीन सोडायला निघालीस. ते वाचून मी लई रडले आणि मंग तुझाच लई राग आला. माझ्या मागं लपून लढाई करायची न्हाय. मी पोरीला दाराबाहेर ठेवून कोणाचं तोंड बंद करणार न्हाय.

काल सांजच्याला भावजींच्या घरी गेले. भाविक व्हता, आणखी पाच-सात माणसं व्हती. मी उभ्यानंच बोलले. म्हणलं, माझी पोरगी तिकडं कधी कधी पिते. खरं हाय. तिनं आपल्या हातानं लिवून मला कळवलंय. तुमच्यातल्या कोणी आपल्या आईला असं कळवलंय का? भाविक मोबाईलात बघाया लागला. भावजी म्हणले, "वैनी, मंग आता हळद कोरडी कशाला, पोरगीच पिते तर?" मी म्हणलं, पोरगी पिते तरी कोरडी. तुमचा भाऊ पिऊन गेला म्हून कोरडी. माझ्या सुनेचा बाप पिऊन गेला म्हून कोरडी. होय वैशू, रंजितानं मला सांगितलंय, तुम्हा दोघांच्या आदी सांगितलंय. भावजींना म्हणलं, करवली वैशाली हाय, आणि हळद कोरडी हाय. यातलं एक बी ज्याला चालत न्हाय त्यानं माझ्या मांडवात येऊ नये.

भावजींनी पेट्या परत पाठवल्या का ते मला म्हाईत न्हाय. मी इचारलं न्हाय. हळदीला किती जण येतील ते बी म्हाईत न्हाय. कदाचित आपण घरचेच आणि डीजेवाला असू. तो पैशे घेतो, तो येईल.

तिकीट रद्द केलं असशील तर परत काढ.

आल्यावर बापाचं बोलू. ते बी बोलायचं हाय, मला बी त्याचं काय काय सांगायचंय, चांगलं बी हाय. पण पयल्या दिवशी न्हाय. पयल्या दिवशी माझ्यासमोर बस आणि माझ्या गोडाऊनचं इचार. इतक्या वर्षांत मला कोणी इचारलं न्हाय.

तुझी आई,
चंद्रा